श्रद्धेची नोंद आणि नोंदीतील अंतर : महमूद अल्-काशगरीचा कोश व मध्ययुगीन तुर्कांचे अद्भुत प्राणी

१

गिधाड म्हातारे झाले की दोन अंडी घालते आणि ती उबवते. एका अंड्यातून त्याचे शेवटचे पिल्लू बाहेर येते; दुसऱ्यातून मात्र कुत्रा जन्मतो. लांब केसांचा हा कुत्रा धावण्यात सर्वांत चपळ आणि शिकारीत सर्वांत भरवशाचा असतो. त्याचे नाव ‘बराक’. ही कथा एखाद्या महाकाव्यात किंवा प्रवासवर्णनात आलेली नाही. ती अकराव्या शतकातील एका शब्दकोशात, ‘लांब केसांचा कुत्रा’ या अर्थाच्या शब्दाची नोंद करताना आली आहे. कोशकार महमूद अल्-काशगरी हा स्वतः तुर्क होता. तरीही ही हकिकत तो स्वतःच्या नावावर सांगत नाही. तुर्कांचे असे म्हणणे आहे, असा निर्देश तो आवर्जून करतो.

मध्ययुगीन तुर्कांच्या लोकश्रद्धांचा अभ्यास करणाऱ्यांनी बराकची कथा पुष्कळदा उद्धृत केली आहे. पुढील काळातील ओगुझ आख्यानांत येणाऱ्या ‘इत बराक’ या श्वानसदृश लोकांशी तिचा संबंधही जोडला जातो. मात्र उद्धृत करताना बहुधा कथा तेवढी उचलली जाते आणि तिच्या आधीचा निर्देश मागे राहतो. वस्तुतः वाङ्मयीन दृष्टीने तो निर्देश कथेइतकाच महत्त्वाचा आहे. आपल्याच समाजाचा उल्लेख ‘तुर्क’ असा तृतीय पुरुषी करणारा हा कोशकार नेमका कोठे उभा आहे? सगळ्याच श्रद्धांपासून तो सारखे अंतर राखतो काय? आणि हे अंतर कमीअधिक होत असेल, तर त्यावरून त्या श्रद्धांविषयी काय निष्पन्न होते? प्रस्तुत लेखात या प्रश्नांच्या अनुरोधाने काशगरीच्या कोशातील निवडक नोंदींचा विचार केला आहे. अल्-बीरूनीचे गद्य आणि ‘देदे कोर्कुत’मधील तेपेगोझची कथा या दोन भिन्न प्रकृतींच्या संहिता तुलनेसाठी घेतल्या आहेत.

२

‘दीवानु लुगातित् तुर्क’ या कोशाच्या लेखनास १०७२ मध्ये प्रारंभ झाला आणि त्या दशकातच तो पूर्ण झाला. अब्बासी खलिफा अल्-मुक्तदी याला तो अर्पण केलेला आहे. हा काळ लक्षात घेतल्याशिवाय कोशाचा हेतू उलगडत नाही. १०५५ मध्ये सेल्जुक तुर्कांनी बगदादमध्ये प्रवेश केला होता आणि १०७१ मध्ये मांझिकर्तच्या लढाईत बायझंटाईन सम्राटाचा पराभव झाला होता. सत्ता तुर्कांच्या हाती आली होती. ज्ञानाची भाषा मात्र अरबीच होती. राज्यकर्त्यांची भाषा अरबी जाणणाऱ्यांना शिकता यावी, तसेच ती अरबीच्या तोडीची आहे हे सिद्ध व्हावे, असा काशगरीचा दुहेरी उद्देश होता. त्यामुळे शब्द तुर्की आणि विवरण अरबी अशी या ग्रंथाची रचना आहे. ग्रंथातील नकाशात जगाच्या मध्यभागी मक्का किंवा बगदाद नसून काराखानी राज्यातील बालासागून हे नगर आहे. त्यावरूनही कोशकाराचा स्वाभिमान लक्षात येतो.

कोशाची मांडणी हा येथे विशेष महत्त्वाचा मुद्दा आहे. शब्द विषयवार लावलेले नाहीत. अरबी कोशपरंपरेस अनुसरून ते शब्दरूपांच्या साच्यांनुसार लावले आहेत. शब्दात अक्षरे किती आणि त्यांची घडण कशी, यावर त्याचे स्थान ठरते. परिणामी देवता, जिन, महासर्प, पर्जन्याचा दगड आणि मुलांना भिववणारा बागुलबुवा ही सर्व मंडळी कोशभर विखुरली आहेत. त्यांच्या शेजारी भांडी, औषधे, नाती व घोड्यांचे रंग दाखवणारे शब्द नांदतात. काशगरीने तुर्कांचे दैवतशास्त्र लिहिलेले नाही. त्याच्या ग्रंथात तसे प्रकरणच नाही.

या कोशाचे एकमेव हस्तलिखित १२६६ मध्ये दमास्कस येथे केलेली नक्कल आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ते इस्तंबूलमध्ये अली एमिरी या ग्रंथसंग्राहकाच्या हाती आले आणि १९१५ ते १९१७ या काळात छापले गेले. बेसिम आतालाय यांचे आधुनिक तुर्कीतील भाषांतर १९३९ ते १९४१ या काळात, तर रॉबर्ट डँकॉफ व जेम्स केली यांचे इंग्रजी भाषांतर १९८२ ते १९८५ या काळात प्रसिद्ध झाले. त्यापूर्वी १९७५ मध्ये डँकॉफ यांनी कोशातील श्रद्धाविषयक नोंदी एका लेखात एकत्र आणल्या होत्या. अशा संकलनाचे मोल मोठे आहे. तथापि विखुरलेल्या नोंदी एकत्र ठेवल्या की त्यांच्यातून एक सुसंगत व्यवस्था आपोआप दिसू लागते, हेही ध्यानात घ्यावे लागते. ती व्यवस्था मूळ ग्रंथाची नसते. तिची सिद्धता संकलनात होते.

३

श्रद्धाविषयक नोंदी त्यांच्या निवेदनाच्या दृष्टीने वाचल्या, तर कोशकाराच्या चार भूमिका वेगळ्या काढता येतात. पहिली धिक्काराची. ‘तेंग्री’ या शब्दाचा अर्थ काशगरी प्रथम ‘परमेश्वर’ असा देतो. त्यानंतर तो सांगतो की काफिर लोक आकाशाला तेंग्री म्हणतात. इतकेच नव्हे, तर त्यांच्या डोळ्यांना जे जे भव्य वाटते, मग तो मोठा पर्वत असो की मोठे झाड, त्याला ते हेच नाव देतात व त्यापुढे नतमस्तक होतात. या विधानासोबत शापवचन येते आणि अशा भ्रांतीपासून रक्षण व्हावे म्हणून ईश्वराचा धावाही येतो. येथे ‘तुर्क’ हा शब्द नाही, ‘काफिर’ हा शब्द आहे. श्रद्धा एकाच भाषेच्या लोकांची. परंतु धर्मसीमेच्या पलीकडे गेली की ती परक्याची ठरते. मात्र याच नोंदीमुळे एकच शब्द दोन धर्मजगतांत वावरत होता हे कळते. इस्लाम स्वीकारलेल्या तुर्कांनी ईश्वरासाठी जुनाच शब्द राखला होता. धिक्काराची गरज भासली ती बहुधा या शब्दसाम्यामुळेच.

दुसरी भूमिका आरोपणाची, म्हणजे श्रद्धा ‘तुर्कांच्या’ नावावर जमा करण्याची. बराकची नोंद या प्रकारची आहे. ‘चिवी’ या जिनांच्या गटाविषयीची नोंद याहून समृद्ध आहे. दोन जमातींत लढाई व्हायची असली की त्यांच्या त्यांच्या भूमीत राहणारे जिन आपापल्या माणसांच्या बाजूने आधी झुंजतात; ज्या बाजूचे जिन जिंकतात त्या बाजूच्या माणसांना विजय मिळतो. त्या रात्री जिनांचे बाण लागू नयेत म्हणून तुर्क सैनिक तंबूंत दडून राहतात. ही कल्पना एकट्या काशगरीच्या माहितीवर उभी नाही. ९२२ मध्ये व्होल्गातीरीच्या बुल्गारांकडे गेलेल्या इब्न फदलानने आकाशातील तांबूस मेघांत माणसे, घोडे व शस्त्रे यांच्या आकृती परस्परांवर तुटून पडताना पाहिल्याचे लिहिले आहे. तेथील राजाने पूर्वजांच्या हवाल्याने त्याला सांगितले की हे श्रद्धावान व अश्रद्ध जिनांचे युद्ध होय. दोन्ही वृत्तान्तांत जिन लढतात. परंतु त्यांच्यातील भेदरेषा वेगळी आहे. बुल्गार राजाच्या कथनात जिनांची विभागणी धर्मावरून झाली आहे, तर काशगरीच्या नोंदीत भूमीवरून. म्हणजे दीडशे वर्षांनंतर लिहिली गेलेली नोंद आशयाने अधिक जुनी असू शकते. लेखनकाळावरून श्रद्धेचे वय ठरवणे किती धोक्याचे आहे, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

बारा प्राण्यांच्या वर्षचक्राविषयीची हकिकतही याच भूमिकेतून आली आहे. एका राजाला पूर्वी झालेल्या युद्धाचे वर्ष निश्चित करता येईना. तेव्हा वर्षांना नावे देण्यासाठी त्याने वन्य प्राण्यांना इला नदीकडे हाकलले. बारा प्राणी नदी पार करून गेले, आणि त्या क्रमाने वर्षांना त्यांची नावे पडली. उंदीर पहिला आला. प्रत्येक वर्षात काही संकेत असतो, असे तुर्क मानतात : बैल टकरा देतात म्हणून त्याच्या वर्षी युद्धे होतात, ‘नेक’ पाण्यात राहतो म्हणून त्याच्या वर्षी पाऊसपाणी विपुल होते. चिनी चक्रात ज्या स्थानी ड्रॅगन आहे, त्या स्थानी आलेल्या या ‘नेक’चा अर्थ काशगरी अरबीत ‘मगर’ असा देतो. अद्भुत प्राणी भाषांतरात कसा पाळीव होतो, याचे हे नमुनेदार उदाहरण आहे. पाण्याशी असलेले नाते टिकले, पर्जन्याचे फलही टिकले; प्राणी मात्र परिचित झाला.

तिसरी भूमिका निःसंकोच नोंदीची. घरगुती व्यवहारातील श्रद्धांविषयी लिहिताना कोशकार बहुधा धिक्कारही करत नाही आणि आरोपणावरही भर देत नाही. मुलाला दृष्ट लागली किंवा बाधा झाली तर त्याच्या तोंडाला धुरी देऊन ‘इस्रिक इस्रिक’ म्हणतात. मुलांच्या तोंडाला औषधी लेप लावतात. द्राक्षमळ्यात दृष्ट टाळण्यासाठी बुजगावणे उभारतात. रडणाऱ्या मुलाला ‘अबाची’ आला म्हणून भिववतात. ‘कोवुच’ या बाधेविषयी लिहिताना तर, रोग्याच्या तोंडावर थंड पाणी मारून हा शब्द उच्चारतात आणि मग धुरी देतात, एवढे सांगून काशगरी शब्दाच्या व्युत्पत्तीविषयी स्वतःचा तर्कही मांडतो : हा शब्द ‘पळ, पळ’ या अर्थाच्या उच्चारातून आला असावा. येथे तो धर्मनिष्ठ निरीक्षक उरत नाही. त्याच्यातील भाषापंडिताचे कुतूहल पुढे येते. बाळ जन्मले की सुईणीला ‘कोल्हा की लांडगा’ असे विचारतात, ही नोंदही अशीच. कोल्हा म्हणजे मुलगी आणि लांडगा म्हणजे मुलगा. ‘झोऊ शू’ या चिनी इतिहासग्रंथात तुर्कांच्या आशिना कुळाची उत्पत्ती लांडगीपासून सांगितली आहे. उइगुर लिपीतील ओगुझ कागानाच्या आख्यानात निळसर करडा लांडगा प्रकाशझोतातून प्रकटतो व सैन्याला वाट दाखवतो. काशगरीच्या कोशात हा पूर्वज लांडगा कुलकथेच्या वैभवात दिसत नाही. बाळंतिणीच्या उंबऱ्याशी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नात तो शिल्लक आहे.

‘उमाय’ या शब्दाच्या बाबतीत हे स्थित्यंतर अधिकच स्पष्ट दिसते. ७३२ मध्ये उभारलेल्या कुल तेगिनच्या ओर्खोन शिलालेखात राजमातेला उमायची उपमा दिली आहे. तोन्युकुकच्या शिलालेखात उमायचा उल्लेख तेंग्री आणि पवित्र भूमी-जल यांच्या बरोबरीने येतो. साडेतीन शतकांनंतर काशगरी ‘उमाय’चा अर्थ ‘वार’ असा देतो. बाळाबरोबर गर्भाशयातून बाहेर पडणारी, ती त्याची सोबतीण. यासोबतच तो एक म्हण नोंदवतो. उमायची सेवा करणारीस अपत्यप्राप्ती होते असा तिचा आशय आहे. स्त्रिया तिला शुभशकुन मानतात, असेही तो सांगतो. देवता म्हणून तिचे नाव घेतले असते तर तेंग्रीच्या नोंदीतला शाप येथेही आला असता. शरीराच्या एका भागाचे नाव म्हणून ती आली आणि निर्वेधपणे कोशात शिरली. ही देवतेची अवनती की तिने स्वीकारलेला आडोसा, याचा निर्णय केवळ कोशाच्या आधारे करता येणार नाही. परंतु पुरुषांनी कोरलेल्या राजकीय शिलालेखातून निघून ती स्त्रियांच्या बोलण्यात टिकून राहिली, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

४

चौथी भूमिका साक्षीची. ती विरळ आहे आणि म्हणूनच मोलाची आहे. ‘यत’ म्हणजे विशिष्ट दगडांच्या साहाय्याने पाऊस, वारा वगैरे आणण्याची विद्या, असे सांगून काशगरी थांबत नाही. यग्मा जमातीच्या प्रदेशात आपण हा प्रकार प्रत्यक्ष पाहिल्याचे तो लिहितो. आग लागली होती. दिवस उन्हाळ्याचे होते. या विद्येच्या प्रयोगाने बर्फ पडले आणि ईश्वराच्या अनुज्ञेने ती आग त्याच्या डोळ्यांदेखत विझली. ‘काफिर’ आणि ‘तुर्क’ यांच्या आड राहणारा कोशकार येथे प्रथम पुरुषात समोर येतो. ज्या श्रद्धेला विज्ञाननिष्ठ वाचक सर्वांत आधी नाकारील, नेमक्या तिच्याच बाबतीत तो अंतर टाकून देतो. ‘ईश्वराच्या अनुज्ञेने’ हा शब्दप्रयोग दगडाचे सामर्थ्य नव्या धर्मकल्पनेत बसवतो. परंतु ते नाकारत नाही.

या नोंदीशेजारी अल्-बीरूनीचा अनुभव ठेवला की दोन वृत्तींतील भेद उठून दिसतो. भारतीय विद्या, धर्म व चालीरीती यांचे १०३० च्या सुमारास अरबीत विवेचन करणारा हाच बीरूनी. आयुष्याच्या अखेरीच्या काळात लिहिलेल्या रत्नखनिजविषयक ‘किताबुल् जमाहिर’ या ग्रंथात त्याने तुर्कांच्या पर्जन्यदगडाचीही दखल घेतली आहे. एका तुर्काने असे दगड त्याच्याकडे आणले. तो ते आनंदाने आणि विनातक्रार स्वीकारील अशी त्या माणसाची अपेक्षा होती. बीरूनीने त्याच्यापुढे अट ठेवली की अवेळी, आपण सांगू तेव्हा पाऊस पाडून दाखवावा, म्हणजे मागेल ते मिळेल. त्या माणसाने दगड पाण्यात बुडवून, पुटपुटत व ओरडत आकाशाकडे पाणी उडवले. जे पाणी वर उडवले होते तेवढेच थेंब खाली आले. बीरूनीचा उपरोध संयत आहे. पण त्यात कसलीही संदिग्धता नाही.

एकीकडे परीक्षा आणि दुसरीकडे साक्ष, अशी ही मांडणी करून बीरूनीला विवेकी व काशगरीला भाबडा ठरवणे सोपे आहे. मात्र त्यामुळे दोघांच्या स्थानांतील फरक दृष्टिआड होतो. बीरूनीकडे दगड आला तो देवघेवीची वस्तू म्हणून. तो ज्या समाजात वापरला जात होता त्यापासून तुटून आला. काशगरीने तो वापरात पाहिला, आग पसरत असताना, ज्यांचे घरदार धोक्यात होते त्यांच्यामध्ये उभे राहून. बीरूनीचा प्रश्न ‘हे खरे आहे काय’ असा आहे. काशगरीच्या नोंदीतून ‘हे लोक संकटात काय करतात’ या प्रश्नाचे उत्तर मिळते. भौतिक सत्याच्या दृष्टीने बीरूनीचाच निष्कर्ष मान्य करावा लागेल. लोकश्रद्धेच्या अभ्यासकाला मात्र या दोन्ही नोंदींची गरज आहे. या विद्येची स्मृती पुढे भारताशी संबंध आलेल्या तुर्की गद्यातही आढळते. आपल्या एका साथीदाराच्या गुणांची यादी देताना बाबराने त्याच्या शिकारी पक्ष्यांविषयीच्या जाणकारीबरोबर पर्जन्यदगडाच्या विद्येचाही उल्लेख केला आहे. तेथे साक्षही नाही व परीक्षाही नाही. एक अंगभूत कौशल्य म्हणून ती सहज नोंदवली आहे.

५

अंतराचा हा हिशेब एका ठिकाणी अनपेक्षित वळण घेतो. ‘बुके’ म्हणजे महासर्प. सात डोक्यांच्या महासर्पाचा उल्लेख काशगरी करतो आणि वीरांना हे नाव दिले जाते असे सांगतो. याबाकू जमातीच्या नायकाचे नाव बुके बुद्राच होते. मुसलमान सेनापती अर्सलान तेगिन याने चाळीस हजारांच्या सैन्यानिशी त्याच्या सात लाखांचा पराभव केला, असा वृत्तान्त येतो. संख्या अर्थातच आख्यानाच्या आहेत. एवढे मोठे सैन्य हरले कसे, असे काशगरीने त्या लढाईतील एका सहभागी योद्ध्याला विचारले. पराभूतांनी दिलेले उत्तर त्या योद्ध्याने सांगितले : नगारे वाजू लागले, शिंगे फुंकली गेली, आणि त्यांच्या माथ्यावर क्षितिज झाकणारा हिरवा पर्वत दिसला, त्याला अगणित दरवाजे होते व प्रत्येकातून नरकाग्नीच्या ठिणग्या त्यांच्यावर पडत होत्या. हा पैगंबरांचा चमत्कार होय, असा अर्थ लावला गेला.

महासर्पाचे नाव धारण करणारा वीर आणि त्याला जिंकणारा हिरवा पर्वत ही दोन्ही अद्भुताचीच रूपे आहेत. परंतु पर्वताच्या बाबतीत ‘तुर्कांची समजूत’ असा निर्देश येत नाही. त्याला साखळीबद्ध साक्ष आहे, धर्मशास्त्रीय अर्थ आहे. पर्वतापुढे नतमस्तक होणाऱ्यांना तेंग्रीच्या नोंदीत शाप मिळाला होता. येथे पर्वत हाच ईश्वरी साहाय्याचे साधन झाला आहे. अद्भुताचा त्याग झाला असे यावरून म्हणता येत नाही. त्याची मालकी बदलली. काशगरीच्या निवेदनातील अंतर श्रद्धेच्या संभाव्यतेवर अवलंबून नसून ती कोणाची आहे यावर अवलंबून आहे, हा निष्कर्ष या नोंदींच्या तुलनेतून हाती येतो.

६

हे अंतरच ज्या प्रकारात अनुपस्थित असते तो प्रकार म्हणजे आख्यान. ‘देदे कोर्कुत’च्या ओगुझ कथा ड्रेस्डेन (बारा कथा) व व्हॅटिकन (सहा कथा) येथील सोळाव्या शतकातील हस्तलिखितांतून ज्ञात आहेत, इराणमधून आलेल्या तिसऱ्या हस्तलिखिताची माहिती २०१९ मध्ये पुढे आली. काशगरीपासून ही हस्तलिखिते चार-पाच शतके दूर आहेत, तेव्हा एकाने दुसऱ्याचा पुरावा म्हणून काम करावे अशी अपेक्षा नाही. अर्थात कथांची सामग्री अधिक जुनी आहे. चौदाव्या शतकातील मामलुक इतिहासकार इब्नुद् दवादारी याला तेपेगोझची कथा माहीत होती.

‘तेपेगोझ’ म्हणजे डोक्याच्या माथ्यावर डोळा असणारा. १८१५ मध्ये हाइन्रिख फ्रीडरिख फोन दीएझ यांनी ही कथा प्रसिद्ध करून होमरच्या पॉलिफेमसशी तिची तुलना केली आणि तेव्हापासून उगम व ऋण यांची चर्चा चालू आहे. एकुलता डोळा, गुहा, नरभक्षण, तापवलेल्या सळईने डोळा फोडणे, मेंढ्याच्या कातड्याच्या आडून निसटणे ही साम्ये निर्विवाद आहेत. परंतु तौलनिक वाङ्मयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहेत ते भेद. पॉलिफेमस समाजाबाहेरचा आहे. ऑडिसियस त्याच्या बेटावर जातो. तेपेगोझ ओगुझांच्या अपराधातून जन्मतो. एक मेंढपाळ झऱ्याकाठी पंख असलेल्या परीवर बळजबरी करतो. वर्षाने ती परत येते व ओगुझांवर अरिष्ट ओढवल्याचे सांगून आपली ठेव त्याच्या स्वाधीन करते. अरूझ नावाचा सरदार त्या मुलाला घरी वाढवतो. दाया मरतात, सवंगड्यांची नाके-कान जातात, तेव्हा त्याला हाकलले जाते. आईने दिलेल्या अंगठीमुळे बाण व तलवार त्याच्यावर चालत नाही. शेवटी खुद्द देदे कोर्कुतला त्याच्याशी बोलणी करावी लागतात : साठ माणसांची मागणी रोज दोन माणसे व पाचशे मेंढ्या यांवर तुटते. अद्भुत प्राण्याशी कर ठरवावा लागणे, आणि एका आईवर दुसरा मुलगाही देण्याची पाळी येणे, यातून कथेला होमरच्या साहसकथेत नसलेला सामाजिक भार प्राप्त होतो.

दुसरा भेद नावाचा. ऑडिसियस गुहेत नाव लपवतो आणि त्यामुळेच वाचतो. अरूझचा पुत्र बासात, ज्याला लहानपणी सिंहाने वाढवले, तो आंधळ्या झालेल्या तेपेगोझने विचारताच आपली ओळख देतो. त्यात आई म्हणून तो विशाल वृक्षाचे आणि बाप म्हणून सिंहाचे नाव घेतो, आणि मग आपण अरूझचा पुत्र असल्याचे सांगतो. आपण एकाच घरात वाढलो, आता भाऊ झालो, मला सोड, अशी याचना तेपेगोझ करतो. बासात ती मानत नाही. भावाचा वध आणि बापाचे अश्रू त्याला आठवतात.

वृक्ष येथे ‘तेंग्री’च्या नोंदीतून पुन्हा समोर येतो. मोठ्या झाडापुढे नतमस्तक होणारे कोशात काफिर ठरले होते. आख्यानात इस्लामी रीतीने ईश्वराचे नाव घेणारा वीर त्याच झाडाला आई म्हणतो, आणि त्याविषयी निवेदकाला खुलासा करावासा वाटत नाही. एकच कल्पना कोशात सिद्धान्त म्हणून मांडली की वादग्रस्त होते आणि आख्यानात वंशावळ म्हणून आली की सहज स्वीकारली जाते. आख्यानातील पात्राला श्रद्धेविषयी विधान करावे लागत नाही. तो तिच्या आधारे वागतो. म्हणून वाङ्मयप्रकाराचा विचार न करता या दोन ठिकाणचा वृक्ष ‘तुर्कांची वृक्षपूजा’ या एका शीर्षकाखाली मांडणे, ही सोय असली तरी पद्धत नव्हे.

७

विसाव्या शतकात तुर्कस्तानातील विद्वानांनी काशगरीचा कोश मोठ्या आस्थेने अभ्यासला. प्रजासत्ताकाच्या स्थापनेनंतर (१९२३) इस्लामपूर्व वारशाचा शोध हा तेथील सांस्कृतिक जीवनाचा महत्त्वाचा भाग बनला. बहाएद्दीन ओगेल यांच्या ‘तुर्क मितोलोजिसी’चा १९७१ मधील पहिला खंड हे या परिश्रमाचे मोठे फलित होय. लांडगा, वृक्ष, उमाय व तेंग्री यांचे एक राष्ट्रीय दैवतमंडळ त्यातून वाचकांच्या मनात उभे राहिले. शिलालेख, चिनी इतिहास, अरबी कोश, फार्सी बखरी आणि अर्वाचीन मौखिक कथा यांना एका सूत्रात ओवणारी ही रचना प्रभावी आहे. मात्र तिच्यात कोणी, कोणासाठी, किती अंतरावरून सांगितले हे प्रश्न मागे पडतात. ज्याने तुर्कांच्या श्रद्धा जपल्या तो स्वतः त्यांतील काहींना शाप देत होता, काही ‘तुर्कांच्या’ म्हणून बाजूस ठेवत होता आणि काहींत पूर्णपणे सहभागी होता, हा त्या सामग्रीचा अविभाज्य भाग आहे. तो वगळला तर सामग्री अधिक शुद्ध होत नाही. ती केवळ मूक होते.

हा मुद्दा तुर्की अभ्यासापुरता मर्यादित नाही. मराठीतील वेताळ, मुंजा व हडळ यांच्याविषयीची अनेक विवरणे मोल्सवर्थच्या कोशातून (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) घेतली जातात. तेथे माहिती देणारे एका समाजाचे, विवरणाची भाषा दुसऱ्याची व अपेक्षित वाचक तिसराच, अशी स्थिती आहे. काशगरीच्या बाबतीत माहितगार आणि कोशकार एकच होता. तरीही परक्या वाचकासमोर आपल्या लोकांची ओळख करून देताना त्याला ‘ते’ म्हणावे लागले. भाषेचा अभिमान बाळगणाऱ्या या विद्वानाची अडचण येथेच आहे. तुर्की शब्द अरबीच्या तोडीचे आहेत हे दाखवायचे, तर शब्दांत साठलेले सारे काही दाखवणे भाग होते. आणि जे दाखवले त्यातील काहींची लाज किंवा भीतीही वाटत होती. म्हणूनच त्याचा कोश श्रद्धांचा केवळ साठा ठरत नाही. नव्या धर्मात आलेल्या समाजाने आपल्या जुन्या भाषेबरोबर काय काय सोबत आणले, आणि ते आणताना कोणत्या वस्तूकडे पाहिले व कोणत्या वस्तूकडे पाहण्याचे टाळले, याची ती नोंदवही आहे. बराकच्या अंड्याइतकेच त्याच्या आधीच्या छोट्या वाक्याकडेही लक्ष देणारा वाचकच ती पूर्ण वाचू शकेल.